हरीभाऊचं नाक

"बाई, तुमचं पोर परत रडायला लागलं हो!" मी मशीनखोलीतून ओरडलो.

भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी ठोकलेली होती. लाल दिवा लावून तिचं पीं-पीं चाललं होतं. सकाळपासूनची ही चौथी खेप, आणि अजून अकरासुद्धा वाजले नव्हते. डबी वाजली की मी मशीन बंद करायचं, आतल्या चौदा माणसांनी हातातलं टाकून अंगणात जायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग मी आत फिरून 'साफ' म्हणायचं आणि सगळ्यांनी पुन्हा आत यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी नव्हतं ठरवलं. आमचे मालक नझीरशेठ आणि पुण्याहून आलेली ती बनसोडे बाई, या दोघांनी कागदावर सह्या करून ठरवलं होतं. मला विचारतो कोण? मी आपला फक्त बावीस वर्षं त्या बर्फाच्या कारखान्याचं मशीन चालवत होतो.

बाई धावत आली. तेजल बनसोडे तिचं नाव, मूळची उदगीरकडची, पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करणारी. तिशीची असेल. काखेत लॅपटॉप, पायांत आमच्याच कारखान्यातले दोन नंबर मोठे गमबूट, त्यामुळे चालताना फटक-फटक आवाज.

"किती दाखवतंय काका?"

"मी कशाला बघू? मला त्यातलं काय कळतं?"

तिनं स्वतःच वाकून बघितलं. "अठरा. काका, अमोनिया आहे हवेत. थोडा आहे, पण आहे."

"कुठे आहे?" मी तिच्यासमोर छातीभर श्वास घेतला. "हे बघा. आहे का? हरिश्चंद्र दोरकुळकर सांगतोय, नाही. तुम्हाला येतोय वास?"

ती ओशाळली. "मला इथं आल्यापासून एकच वास येतोय काका, मासळीचा. त्यात वेगळं काही कळत नाही मला."

"मग झालं तर!"

बाहेर अंगणात माणसं उभी. फाटकाशी तीन होड्यांचे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, बर्फासाठी ताटकळलेले. दिवाळीच्या आधीचा हंगाम, समुद्रात बांगडा उतू चाललेला, आणि आम्ही दर तासाला मशीन बंद करून अंगणात उभे! एक तांडेल म्हणाला, "हरीभाऊ, बर्फ देताय की वरात काढताय?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आत गेलो, एक चक्कर मारली, दारात येऊन म्हटलं, "साफ!" माणसं निमूट आत शिरली.

हे 'साफ' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. बर्फाचा कारखाना म्हणजे अमोनिया. तो नळ्यांतून फिरतो, मिठाच्या पाण्याची मोठी टाकी गार करतो, त्या टाकीत गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवले की झाल्या लाद्या. गुणी वायू आहे, पण नळीत आहे तोवर. थोडा सुटला तर वास येतो. जास्त सुटला तर वास घ्यायला माणूस उरत नाही. म्हणून आमच्याकडे रिवाज होता. सकाळी सहाला मी एकट्यानं आत जायचं, प्रत्येक सांध्याशी, प्रत्येक वॉल्व्हशी नाक न्यायचं, हुंगायचं, आणि दारात येऊन 'साफ' म्हणायचं. त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती तेव्हा एकदा मी बंदरावर चहा पीत बसलो होतो. वाऱ्यावर अमोनियाची एक झुळूक आली. कप तसाच टाकून मी धावत सुटलो आणि मुख्य वॉल्व्ह बंद केला. आतल्या माणसांना तेव्हा पत्तासुद्धा नव्हता. त्या दिवसापासून अख्ख्या बंदरात 'हरीभाऊचं नाक' म्हणजे नाक. शेठचे वडील तर म्हणायचे, मशीनचा विमा उतरवला नाही तरी चालेल, हरीच्या नाकाचा उतरवा. मी वरवर "काय हो, काहीतरीच" म्हणायचो, पण खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचं. मला शिक्षण नाही, जमीन नाही, होडी नाही. होतं ते एवढं नाक.

आणि आता नझीरशेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "हरीभाऊ, आठ दिवस बघू. डबी खरी निघाली तर सकाळची फेरी यापुढं डबीच करील. तुम्ही आपलं मशीन बघा. खोटी निघाली तर बाई आपल्या पुण्याला." किती गोड आवाजात सांगितलं! बावीस वर्षांची फेरी एका साबणाच्या वडीला द्यायची म्हणे.

मी त्या बाईला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "यात आहे तरी काय?" तिनं डबी उघडून दाखवली. आत प्लास्टिकचा एक पातळ तुकडा, नखाएवढा, त्यावर निळसर शाईचा पट्टा.

"ही शाई म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच आहे काका. पण यातून वीज वाहते. सिलिकॉन नाही, धातू नाही, सगळी कार्बनी रसायनं. छापखान्यात छापतात तसं छापतो आम्ही हे. हवेतला अमोनिया या शाईवर बसला की वीज अडते. किती अडली त्यावरून हवेत किती आहे ते कळतं."

"म्हणजे शाई हुंगते?"

"हुंगते म्हणा की."

"आणि सर्दी झाली तर?"

ती हसली. "दमट हवेत जरा गडबडते. त्याचा हिशेब मी आत घातलाय."

तेव्हा मला ती पोरगी वाईट वाटली नव्हती. तीन दिवसांत नाकात दम आणला तिच्या डबीनं. घरी गेलो तरी कानात पीं-पीं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर आमची प्रमिला आतून ओरडत आली.

"अहो, समोर बसून आहात आणि दूध करपलं तेवढं कळलं नाही? घरभर धूर झालाय!"

"मी त्या डबीचा विचार करत होतो."

"डबीचा! गणपतीत ताप आल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही. परवा आंबलेलं सार भुरकून प्यालात. मी तोंडाला लावलं आणि ओतून दिलं."

"गो बाई, मला जेवू दे!" मी ताट सारून उठलो. घरात डोकं खा, कारखान्यात डोकं खा. माणसानं जावं कुठं?

चौथ्या दिवशी मात्र देवानं मला युक्ती सुचवली. माझ्या ध्यानात आलं होतं की डबी वाजते ती बहुतेक होड्या लागल्यावर. मी बंदरावरून कालच्या मांदेलीची एक पिशवी आणली, चांगली सुटलेली, आणि शेठच्या केबिनमध्ये जी डबी लावली होती तिच्याखाली खुर्चीवर ठेवून दिली. केबिन मशीनपासून लांब, तिथं अमोनियाची एक नळीसुद्धा नाही. मग शेठना, बाईला, जो हाताशी लागेल त्याला बोलावलं.

"बाई, इथं अमोनिया आहे का?"

"इथं कसा असेल काका?"

"थांबा जरा."

पाच मिनिटांत डबी ठणाणा वाजायला लागली. आकडा चोवीस! मी पिशवी उचलून सगळ्यांसमोर धरली. "हा घ्या तुमचा अमोनिया! दोन मुठी मांदेली!"

असा हशा पिकला की बस्स. बर्फाचे डबे टाकीतून काढणारा आमचा विठू रेवाळे, चौदा वर्षांत ज्याचे दात कुणी पाहिले नव्हते, तोसुद्धा पोट धरून हसला. शेठ डोळे पुसत म्हणाले, "बाई, बंदरावर मासळीचा वास पकडायला डबी कशाला हवी?"

तेजल बनसोडेचा चेहरा एवढासा झाला. पण पठ्ठी रडली नाही. पिशवीत डोकावून बघितलं, उलटीचा उमाळा आवरला आणि वहीत काहीतरी लिहायला लागली.

"बरोबर आहे काका तुमचं," ती म्हणाली. "मासळी सडली की तिच्यातून अमोनियाची भावंडंच बाहेर पडतात. माझ्या शाईला फरक कळत नाही. माझी चूक. हे मला आधी सुचायला हवं होतं."

एवढं सरळ कबूल केल्यावर भांडायची मजाच गेली. मी म्हटलं, "मग कधीची गाडी आहे पुण्याची?"

"आठ दिवस झाल्यावर," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिनं काय काय केलं ते तिचं तिला माहीत. रात्र-रात्र लॉजवर बसून डब्यांची खुडबुड केली म्हणे. दोन डब्या अंगणात लावल्या, मासळीचा वास मोजायला. दोन मशीनखोलीत, दार बंद करून. बाहेरच्या डब्या वाजतील तेव्हा मासळी, आतल्याच वाजतील तेव्हा अमोनिया, असं तिचं गणित. मी म्हटलं, कर बाई काय करायचं ते. दोनच दिवस उरलेत.

सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता आतल्या दोन्ही डब्या एकदम वाजल्या. बाहेरच्या गप्प. बंदरावर एकही होडी नव्हती, मासळीचं टोपलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता, "आता तरी ऐका. छत्तीस आहे. या खोलीत मासळी नाही."

"पावसाळ्यात भिंतीत मुरलेली असेल!"

"काका, तुमचे डोळे लाल झालेत. पाणी येतंय."

"सात दिवस झोप नाही तुमच्यामुळं, डोळ्यांतून काय दूध येणार?" माझं टाळकंच सरकलं. "हे बघा, आता सोक्षमोक्ष लावू. विठू! कपाटातून गंधकाची कांडी आण. आणि शेठना बोलाव. सगळ्यांना बोलाव. दारात उभे राहून बघू देत."

गंधकाची कांडी म्हणजे आमच्या धंद्यातला शेवटचा साक्षीदार. पेटवून सांध्याजवळ न्यायची. अमोनिया असेल तिथं पांढरा धूर उठतो, दाट. नसेल तर काही नाही. तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच दिवशी का नाही लावली? अहो, आमची रीतच तशी. वास आला तर नेमका कुठून येतो ते शोधायला कांडी. वासच नाही तर कांडी कशाला? ताप नसताना कुणी काखेत थर्मामीटर धरून बसतं का?

मी कांडी पेटवली. दारात गर्दी झाली होती, शेठ सगळ्यांत पुढं. मी मशीनच्या दांड्याशी कांडी नेली. काही नाही. मोठ्या सिलिंडरखाली नेली. काही नाही. वळून बाईकडं बघितलं. ती ओठ चावत उभी होती. आत्ता खरं सांगतो, मला तिची जराशी दया आली. म्हटलं, संध्याकाळी हिला घरी जेवायला बोलवावं, प्रमिलाच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं खाऊ घालावं, बिचारी जाईल उद्या.

टाकीच्या मागे भिंतीलगत एक वॉल्व्ह आहे, अडचणीतला. तिथं कांडी नेली.

पांढरा धूर उठला.

मला वाटलं कांडीचाच असेल. मी ती जरा लांब नेली, धूर नाहीसा झाला. जवळ नेली, परत उठला, चांगला दाट, पिंजलेल्या कापसासारखा. वॉल्व्हच्या दांड्याभोवती जिथं गळती अडवणारं पॅकिंग असतं, तिथून येत होता.

मी वाकलो. नाक अगदी त्या धुरात नेलं आणि श्वास घेतला.

काहीही नाही. डोळ्यांत चटका बसला, घशात खवखवलं, पण वास नाही. अमोनियाचा नाही, जळत्या गंधकाचासुद्धा नाही. गंधकाचा वास! आंधळ्याला बहिऱ्याला येतो तो. मी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा घेतला. ओंजळभर पाणी हुंगावं तसं. मग मी हळूच स्वतःचा शर्ट हुंगला, घामानं भिजलेला होता. हात हुंगला, त्याला मशीनचं तेल होतं. त्याचाही वास नाही. तिथंच भिंतीचा आधार घेऊन उभा राहिलो.

"हरीभाऊ!" शेठ ओरडले. "मशीन!"

मग हातांनी आपलं काम केलं, बावीस वर्षांची सवय. मशीन बंद, दोन्हीकडचे वॉल्व्ह बंद, सगळी माणसं वाऱ्याच्या उलट्या बाजूला. तोंडावर मास्क, त्यावर ओला पंचा, आणि मी पाना घेऊन परत आत. पॅकिंग आवळायला पाना लावला तर पहिला बोल्ट गंजून नुसता भुगा होऊन हातात आला. दुसऱ्याचंही तेच. चारांतले दोन बोल्ट मिठाच्या पाण्यानं आतून खाऊन टाकले होते. उरलेल्या दोनांवर सगळा दाब थोपला होता. संध्याकाळी दापोलीहून फिटर आला, त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "दोन दिवस टिकलं असतं. फार तर चार." त्या वॉल्व्हपासून पाच हातांवर विठू उभा राहून डबे काढायचा, दिवसाचे दहा तास.

पण ते संध्याकाळी. दुपारी मी मास्क काढून बाहेर आलो तेव्हा अंगणात शेठनी मला मिठीच मारली.

"शाब्बास रे हरीभाऊ! शेवटी तुमचंच नाक! सात दिवस डब्या नुसत्या बोंबलल्या, पण कांडी घेऊन बरोब्बर जागेवर गेलात तुम्हीच! काय रे, खरं की नाही?"

"खरं, खरं!" सगळे म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिंच्या टाळ्या!

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्या टाळ्या चाललेल्या, शेठचा हात खांद्यावर, आणि मनात एकच, की हे गेलं तर आपल्याकडं राहिलं काय? मी नुसती मान हलवली. हो नाही म्हटलं, नाहीही नाही म्हटलं.

तेजल बनसोडे बाजूला उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता ही बोलेल. तिच्या डबीनं सात दिवस गळा फोडून सांगितलं होतं, आणि शाबासकी मला. पण ती खाली मान घालून डब्यांचे आकडे उतरवायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला चिडायला तरी मिळालं असतं.

शेठ केबिनमध्ये फोन करायला गेले. माणसं चहाला पांगली. मी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळानं विठू दोन कप घेऊन आला आणि शेजारी टेकला. न बोलणारा माणूस. मला वाटलं, बरं झालं, हा तरी काही विचारणार नाही.

अर्धा चहा झाल्यावर तोच म्हणाला, "भाऊ, आज जीव भांड्यात पडला बघा."

"हो रे. थोडक्यात वाचलो."

"त्याचं नाही म्हणत मी. माझ्या नाकाचं म्हणतोय."

"तुझ्या नाकाला काय झालं?"

तो लाजला. विठूच्या वयाचा माणूस लाजला की बघवत नाही. "मला दोन आठवडे अमोनियाचा वास येत होता भाऊ. बाई यायच्या आधीपासून. टाकीमागं गेलो की यायचाच यायचा. पण तुम्ही रोज सकाळी 'साफ' म्हणायचात. मी टाकीवरच्या आपल्या सदाला विचारलं, तर तो म्हणाला, येतो खरा, पण हरीभाऊ नाही म्हणतात म्हणजे मासळीचाच असणार. मग माझी खात्रीच पटली, आपलंच नाक बिघडलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मला का नाही बोललास?"

"तुम्हाला काय बोलायचं?" त्याला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही साफ म्हटल्यावर? खाडा करून गेल्या सोमवारी दापोलीला डॉक्टरकडं जाऊन आलो. म्हटलं, नसलेला वास येतो मला. त्यांनी टॉर्च लावून बघितलं, थेंब दिले." त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढली, निम्मी झालेली. "सकाळ-संध्याकाळ तीन-तीन घालतोय. काही फरक पडेना, वास येतच राहिला. आज तुम्ही कांडी लावलीत आणि धूर दिसला, तेव्हा कळलं की माझं नाक ठीक आहे. नाहीतर बायकोला काय तोंड दाखवणार होतो? नाक गेलेल्याला बर्फाच्या कारखान्यात ठेवतं कोण?"

आणि तो हसला. त्या दिवसांत दुसऱ्यांदा मी त्याचे दात पाहिले. मला वाटलं, त्यानं मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"आण इकडं ती बाटली," मी म्हटलं.

"तुम्हाला कशाला?"

"आण म्हणतो ना!"

केबिनमध्ये शेठ फोनवर कुणाला तरी माझीच गोष्ट सांगत होते, "अरे, आमच्या हरीभाऊचं नाक म्हणजे..." बाई कोपऱ्यात लॅपटॉप पिशवीत भरत होती. मी बाटली टेबलावर ठेवली. शेठनी फोन खाली ठेवला.

"हे काय?"

"विठूच्या नाकाचे थेंब."

"काय झालं विठूला?"

"काही झालेलं नाही. त्याला दोन आठवडे वास येत होता. मी 'साफ' म्हणत होतो म्हणून त्यानं स्वतःच्या चांगल्या नाकाला औषध घातलं." माझा आवाज चढला होता, शेठवर नाही, कुणावरच नाही. "शेठ, नाक माझं गेलंय. गणपतीत ताप आला तेव्हा गेलं असणार. मला आज त्या धुरात कळलं. आज सकाळीसुद्धा मी चौदा माणसांना 'साफ' म्हणून आत सोडलं, आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. मघाशी अंगणातही बोललो नाही. टाळ्या खाल्ल्या."

शेठनी ती बाटली उचलून हातात फिरवली. लॅपटॉपच्या पिशवीची चेन अर्ध्यावर थांबली होती. मी वाट बघत होतो की ते आता शिव्या घालतील, निघा म्हणतील. घालायलाच हव्या होत्या.

"मग उद्या सकाळी फेरी कोण करील?" त्यांनी विचारलं.

"विठू."

"आणि डब्या? बाईंना गाडीत बसवू ना?"

मी बाईकडं बघितलं. सात दिवस जिच्या नावानं खडे फोडले, ती दोन नंबर मोठ्या बुटांत उभी होती आणि काही मागत नव्हती.

"नको शेठ," मी म्हटलं. "विठू एकटा नको. मोठ्या माणसानं नाही म्हटलं की तो स्वतःचं खरं सोडून देतो. एक डबी असू दे त्याच्याबरोबर. ती कुणाचंच ऐकत नाही."